बांधाखालची माती

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत प्रवासाला म्हणून कुणी जात नाही. लोक तिथून पुढे जातात, शिरूरवरून नगरला आणि दौंडवरून सोलापूरला. मीही पुण्यात सत्तावीस वर्षं काढली, पण हा मुलूख मला गाडीच्या खिडकीतूनच ठाऊक होता. त्यामुळे मागच्या थंडीत मी आठवडाभर तिकडे राहून आले म्हटल्यावर आमच्या सोसायटीतल्या एका बाईंनी काळजीने विचारलं, कुणी आजारी आहे का? मी म्हटलं, जमीन आजारी आहे. त्या म्हणाल्या, मग तुम्ही कशाला गेलात?

प्रश्न रास्त होता. मी एका विद्यापीठाच्या संग्रहालयाची अभिरक्षक. पदनाम भारदस्त आहे. संग्रहालय म्हणाल तर भूगर्भशास्त्राच्या इमारतीमागे साडेतीन खोल्या, त्यातली अर्धी जिन्याखाली. दोनेक वर्षांपूर्वी सात देशांतल्या विद्यापीठांच्या संग्रहालयांनी मिळून एक उपक्रम काढला. आपापली कपाटं उघडा, आत काय पडून आहे ते एकमेकांना दाखवा, आणि त्याचा आजच्या जमिनीला, पाण्याला, माणसांना काही उपयोग होतो का ते पाहा. कागदोपत्री त्याला 'शाश्वत विकासासाठी सहकार्य' म्हणतात. अशा मोठ्या नावांची मला धास्तीच वाटते. पहिल्या ऑनलाइन बैठकीत मी कॅमेरा बंद करून शेंगा सोलत बसले होते. तेवढ्यात डेन्मार्कच्या संग्रहालयातल्या कर्स्टन नावाच्या बाईंनी पडद्यासमोर एक काचेची बाटली धरली. आत काळी माती, आणि वर चिकटवलेल्या पिवळ्या कागदावर रोमन अक्षरांत लिहिलेलं, 'न्हावरे'. मी शेंगा बाजूला ठेवल्या.

अशा बारा बाटल्या होत्या. सुमारे साठ वर्षांपूर्वी त्यांच्याकडचे एक प्राध्यापक भीमेच्या खोऱ्यात येऊन बारा ठिकाणी खड्डे घेऊन गेले होते. तेव्हा इथे बाजरी-ज्वारी होती. आता बघावं तिकडे ऊस आहे, आणि पाण्याने जमिनी खारावत चालल्या आहेत. त्याच बारा जागची आजची माती घेतली, जुन्या बाटल्यांतल्या मातीशी ताडून पाहिली, तर मीठ किती चढलं, कुठे चढलं आणि ते कुठे उतरवता येईल हे शेतकऱ्याला नेमकं सांगता येईल. जुनी माती जगात फक्त त्या बारा बाटल्यांत उरली होती. म्हणून कर्स्टन आली.

शिरूर

कर्स्टन पन्नाशीची, उंच, कमी बोलणारी. सांगितलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी हजर राहायची आणि उशिरा येणाऱ्याबद्दल चकार शब्द काढायची नाही, त्यामुळे मला जास्तच लाजल्यासारखं व्हायचं. ताटात शीत टाकत नसे. मिसळ खाताना तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण तिने वाटी पुसून संपवली आणि मगच नाक शिंकरलं.

एसटी स्टँडजवळच्या लॉजवर सामान टाकून आम्ही बाजारात घमेली, टिकाव आणि पहार घ्यायला गेलो. कर्स्टनने मायदेशाहून एक चकचकीत पोलादी गिरमीट आणलं होतं, जमिनीत फिरवत घुसवलं की माती वर आणतं असं. दुकानदाराने ते हातात घेऊन वजन पाहिलं आणि अदबीने परत दिलं. "बाई, वस्तू चांगली हाय," तो मला म्हणाला, "पर आमच्या काळ्या रानात न्हाई चालायची. पहार घेऊन ठेवा." मी भाषांतर करताना शेवटचं वाक्य तेवढं सांगितलं.

न्हावरे

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ध्या तासात गिरमीट वाकलं. शेत आप्पांचं होतं. आप्पा म्हणजे न्हावऱ्यातले साठी ओलांडलेले बागायतदार. ऊस, कांदा, दहा-बारा म्हशी आणि दूध डेअरीत वजन. प्राध्यापकांच्या वहीतलं वर्णन, म्हणजे ओढ्याच्या वरच्या अंगाची दगडी विहीर आणि तिच्या पूर्वेचं रान, त्यांच्या शेताला तंतोतंत लागू पडत होतं, म्हणून आम्ही तिथे उतरलो होतो.

माझं माहेर मालवणकडचं. आमची माती लाल. पायाला लागली तरी पाण्याचा तांब्या ओतला की जाते. इथली काळी माती एकदा चपलेला चिकटली की सुटायचं नाव नाही. चार सऱ्या ओलांडेपर्यंत माझी उंची दोन बोटं वाढली होती आणि एक चप्पल मागे राहिली होती. कर्स्टनचे गुडघाभर बूट तर असे रुतले की आप्पांनी तिला बुटांतून काढलं आणि मग बूट वेगळे उपटले. तिला हसू आवरेना. तिला मोठ्याने हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

गिरमीट वाकल्यावर पहारीने खड्डा घेतला. माती सुरेख निघाली, काळीभोर, मऊ, लोण्यासारखी कापली जाणारी. कर्स्टन हरखून गेली. साठ वर्षांत जमीन सुधारलेली दिसते, असं म्हणत ती पिशव्या भरून त्यांवर नंबर घालू लागली. सहा पिशव्या झाल्या. बांधावर एक बाई केव्हापासून उभ्या होत्या. चष्मा, नीट चापूनचोपून नेसलेली सुती साडी, हातात कापडी पिशवी. त्या खाली उतरल्या, चिमूटभर माती बोटांत चोळली आणि म्हणाल्या, "ही माती न्हावऱ्याची न्हाई. तळ्यातली हाय. ह्यात शिंपलं बघा की."

खरंच बारीक बारीक पांढरे शिंपले होते. आम्ही आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी कबूल केलं की दोन उन्हाळ्यांमागे पाझर तलावातला गाळ ट्रॉल्या लावून आणून त्यांनी या रानात पसरला होता, चांगला गुडघाभर. सगळेच टाकतात. मग सांगितलं का नाही, असं मी विचारलं तर ते निरागसपणे म्हणाले, "तुम्ही माती मागितली. कुठली ते इचारलंच न्हाई."

दोन देशांच्या दोन संग्रहालयांत मिळून आमची पन्नासेक वर्षांची नोकरी, आणि शेतातली माती त्याच शेतातली असेल असं आम्ही गृहीत धरून चाललो होतो. कर्स्टनने सहाही पिशव्या रिकाम्या केल्या.

त्या बाईंचं नाव सुमनताई. सत्तरीला टेकलेल्या, निवृत्त अंगणवाडी सेविका. निम्म्या गावाला त्यांनीच पहिलं गाणं शिकवलेलं. परदेशी बाई माती न्यायला आली आहे हे कळल्यावर त्या मुद्दाम बौद्धवाड्यातून चालत आल्या होत्या. त्यांनी पहिलाच प्रश्न सरळ कर्स्टनला विचारला, आणि मी मध्ये राहून तो पोचवला.

"तुमच्याकडच्या बाटलीवर नाव कुणाचं हाय?"

कर्स्टनने टॅबवर नोंद काढून दाखवली. गोळा करणारा, प्राध्यापकांचं नाव. खाली बारीक अक्षरांत, स्थानिक मजुराच्या साह्याने.

"त्यो मजूर म्हंजी माझा आबा," सुमनताई म्हणाल्या. "गेनू भिवाजी. त्याचं नाव पायजे तिथं."

मग त्यांच्या घरी चहा घेताना सगळं कळलं. घर छोटं, लख्ख. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि खाली नातीची पदवी समारंभातली. गेनूबांच्या घराण्याकडे पिढ्यानपिढ्या गावाची हद्द राखायचं काम होतं. कुठलं शेत कुठे संपतं, कुठे कसली माती लागते, हे त्यांना पाठ. गावाचा तंटा झाला की त्यांनाच बोलावत, आणि तंटा मिटला की त्यांनाच लांब बसवत. धम्मदीक्षा घेतल्यावर त्यांनी ते काम कायमचं सोडलं. पुढे काही वर्षांनी हा गोरा प्राध्यापक जीप घेऊन आला आणि माती ओळखणारा माणूस विचारू लागला. गेनूबा जायला तयार नव्हते. पण प्राध्यापकाने त्यांना जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवलं आणि दुपारी स्वतःचा डबा उघडून त्यांच्यासमोर सरकवला. त्या दिवशी रात्री ते घरी येऊन म्हणाले होते, जातो मी ह्याच्यासंगं. बारा खड्डे कुठे घ्यायचे ते त्यांनी दाखवलं. कुठली माती चोपण म्हणजे पाणी न मुरणारी, कुठली खारवट, कुठे खाली चुनखडी लागणार, हे ते बोटाने चोळून, जिभेला लावून सांगायचे आणि प्राध्यापक लिहून घ्यायचा. सुमनताई तेव्हा आठ वर्षांच्या. बापाची भाकरी घेऊन जायच्या, म्हणून न्हावऱ्याचा खड्डा त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता.

कर्स्टनने खोटी आशा दाखवली नाही, आणि मला तिथेच ती फार आवडली. ती म्हणाली की माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे, पण नोंदवही बदलायची तर आमची एक समिती आहे आणि ती पुरावा मागते. सुमनताईंनी समिती हा शब्द ऐकून मान डोलावली. बत्तीस वर्षं सरकारी कागद भरलेल्या बाईला समिती समजावून सांगावी लागत नाही.

"पुरावा खड्ड्यातच हाय," त्या म्हणाल्या. "आबा खड्डा बुजवायच्या आदी तळाला ओंजळभर कोळसा टाकायचा. हद्दीच्या दगडाखाली टाकत्यात तसा. दगड कुनीबी हलवतंय. कोळसा न्हाई कुजत आन् न्हाई हलत. काम सोडलं, पर हाताची सवय सुटली न्हाई."

प्राध्यापकांच्या वहीत कोळशाचा उल्लेख नव्हता. खड्डा बुजेपर्यंत ते पुढच्या जागेकडे निघालेले असायचे. म्हणजे कोळसा निघाला तर तो गेनूबांचाच. दुसरा कुणी हे करणारा नव्हताच. आणि नाही निघाला, तर स्थानिक मजूर हा स्थानिक मजूरच राहणार होता. सुमनताईंनी चहाचे कप उचलले.

पीक मोडू नये म्हणून गेनूबांनी खड्डा बांधाच्या बुडाशी घेतला होता. मधल्या काळात बांध सरकला, आणि आता जुनी जागा बांधाखाली गेली होती. हे आमच्या पथ्यावरच पडलं, कारण बांधावर ना नांगर चालतो ना कुणी गाळ टाकतो. पण बांध दोघांचा. पलीकडचं रान आप्पांचे चुलतभाऊ भाऊसाहेब यांचं, आणि दोघांत याच बांधावरून अकरा वर्षं बोलणं नव्हतं. इकडे दरवर्षी नांगरताना शेजाऱ्याचा बांध चार बोटं कोरायचा रिवाजच आहे म्हणतात. आमच्या कोकणात शेतांमध्ये चिऱ्यांचा गडगा असतो. तो कोरायला गेलं तर पहारच मोडेल. म्हणून आम्ही माणसांशी भांडण्यासाठी इतर कारणं शोधतो.

त्या संध्याकाळी आप्पांच्या घरी मासवडी आणि बाजरीची भाकरी असा बेत होता. मासवडी म्हणजे बेसनाच्या वेष्टनात खोबरं-तीळ-लसणाचं सारण, आणि सोबत तिखटजाळ रस्सा. कर्स्टनने तीन वेळा घेतली आणि कृती वहीत लिहून घेतली, वड्यांच्या आकृतीसह. बांधाचं नाव काढताच मात्र आप्पांनी ताटावरून मान वर केली नाही. भाऊसाहेबांना मी फोन केला, तर त्यांनीही विषय बदलला. दोघांची भीती एकच होती. तिथे कोळसा निघाला की लोक म्हणणार, ही खरी हद्द, आणि मग बांध कुणी कुणीकडे ढकलला हे चव्हाट्यावर येणार.

हा गुंता सुमनताईंनी सोडवला. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्या दोघांच्याही दारात गेल्या आणि दोनच गोष्टी सांगितल्या, की कोळसा हद्दीचा नाही, खड्ड्याचा आहे. आणि आबा बांधाच्या कुठल्या अंगाला उभा होता ते मला आठवत नाही. ज्या बाईंना साठ वर्षांपूर्वीची जीपमधली सीटही आठवत होती, त्यांना एवढंच नेमकं आठवत नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

तर नऊ वाजता दोघे भाऊ टेपची दोन टोकं धरून उभे राहिले. बोलणं नाहीच. आप्पा मला म्हणायचे, त्यांना सांगा टेप ढिली आहे. मग मी भाऊसाहेबांना, जे सहा फुटांवर उभे होते, मराठीतून मराठीत सांगायचे की टेप ढिली आहे. भाऊसाहेब म्हणायचे, त्यांना सांगा तुमचंच टोक खाली गेलंय. कर्स्टनने हलकेच विचारलं की या दोन गृहस्थांच्या भाषा वेगळ्या आहेत का.

खूण एकच होती. विहिरीच्या थारोळ्यापासून, म्हणजे मोटेचं पाणी पडायच्या दगडी कुंडापासून, बांधाने चालत सुमनताई बापापर्यंत बेचाळीस पावलं जायच्या. गेनूबा त्यांना मोजायला लावायचे. आकडे अशानेच आले. त्या थारोळ्यापाशी उभ्या राहिल्या, मोठ्याने मोजत बेचाळीस पावलं चालल्या आणि थांबल्या. तिथे खणलं. कमरेएवढं गेलो. माती, खडे, चुनखडी, आणखी माती. कोळसा नाही.

आणखी हातभर गेलो. काही नाही. दोन्ही भाऊ खड्ड्यात डोकावून उभे होते आणि त्या क्षणी दोघांचाही चेहरा पडलेला होता, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवते. सुमनताई बांधावर बसल्या. आपल्याला नीट आठवत नसेल, असं त्या स्वतःशीच दोनदा म्हणाल्या. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. थोड्या वेळाने त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं, मग विहिरीकडे, आणि कपाळावर हात मारून घेतला.

"मी आठ वर्सांची व्हते की," त्या म्हणाल्या. "तवाचं पाऊल कसलं."

त्या पुन्हा थारोळ्यापाशी गेल्या. या वेळी साडी जरा वर खोचली, डोक्यावर भाकरीचं फडकं असल्यासारखी मान ताठ धरली आणि बारकी बारकी पावलं टाकत निघाल्या. अंगणवाडीत बत्तीस वर्षं मुलांमागे चालून त्यांना ते पाऊल पक्कं माहीत होतं. एक, दोन, तीन. कुणी हसलं नाही. भाऊसाहेबांनी नकळत बरोबर मोजायला सुरुवात केली, मग आप्पांनीही. बेचाळिसावं पाऊल पहिल्या जागेच्या बरंच अलीकडे पडलं.

कमरेच्या खाली वीतभर गेल्यावर पहारीच्या टोकाला काळं लागलं. काळ्या मातीत काळं दिसायचं कसं, पण हे वेगळं होतं, कोरडं, चमकणारं. कर्स्टन खड्ड्यात उतरली आणि ब्रशने झाडू लागली. बोटाच्या पेराएवढे बाभळीच्या कोळशाचे तुकडे, एकाच जागी, ओंजळीतून सोडल्यासारखे पसरलेले. ती वर बघून काहीतरी म्हणाली, डॅनिशमध्ये, आणि कुणालाच भाषांतर लागलं नाही.

सुमनताई खड्ड्याच्या काठावर वाकल्या. एक तुकडा उचलून तळहातावर घेतला आणि त्यांना रडू आलं. मलाही आलं. मी संग्रहालयात आजवर हजारो वस्तू हाताळल्या आहेत, मोजल्या आहेत, त्यांच्यावर क्रमांक टाकले आहेत. पण कुणाच्या हातातली वस्तू त्याच्या मुलीच्या हातात गेलेली पाहायची माझी ती पहिलीच वेळ. आप्पांनी डोक्यावरची टोपी काढली होती.

कर्स्टनने फोटो काढले, पट्टी ठेवून, दिशा दाखवून. मग खड्ड्याच्या शेजारी, कधीच न हललेल्या मातीतून नवा नमुना घेतला. सुमनताईंनी जबानी मराठीत लिहून सही केली. साक्षीदार म्हणून आप्पा आणि भाऊसाहेब यांनी एकाच कागदावर सह्या केल्या, एकच पेन वापरून. पेन मात्र माझ्या हातून एकाकडून दुसऱ्याकडे गेलं.

राहू

चौथ्या दिवशी भीमा ओलांडून दौंड तालुक्यात आलो. सुमनताई बरोबर आल्या. बापाने दाखवलेल्या बाकीच्या जागा त्यांनी फक्त ऐकल्या होत्या, आणि त्या पाहायची इच्छा होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, इतका उंच की आमच्या भाड्याच्या जीपमधून आकाशाची पट्टीच तेवढी दिसत होती. ड्रायव्हरने बजावून सांगितलं की उसात बिबट्या आहे, संध्याकाळी पाचच्या आत बाहेर पडायचं. कर्स्टनने गंभीरपणे घड्याळात पाहिलं. वेळेची शिस्त पाळायला एवढं चांगलं कारण तिला कधी कुणी दिलं नसेल.

राहूचा खड्डा सापडला नाही. वहीतल्या जागेवर आता गुऱ्हाळ उभं होतं. कढईत रस उकळत होता, चिमणीतून धूर, आणि सगळ्या हवेला गुळाचा वास. तिथले कामगार उत्तर प्रदेशातले. त्यातल्या एका म्हाताऱ्याने कर्स्टनला काकवी दिली, वर हिंदीत बजावलं, "धीरे पीना बेटी, जीभ जल जाएगी." तिने मान डोलावली आणि जीभ भाजून घेतली.

गुऱ्हाळामागच्या रानात जमिनीवर पांढरा पापुद्रा आला होता. आमच्याकडे भिंतीला लोणा लागतो तसा. ऊस गुडघाभर वाढून पिवळा पडला होता. सुमनताईंनी माती बोटांवर घेतली, जिभेला लावली आणि थुंकली. मग थोडं पुढे जाऊन पुन्हा. असं चार ठिकाणी केलं आणि सांगितलं, ही जास्त खारी, ही त्याहून कमी, ही अजून वाचण्यासारखी. कर्स्टनने प्रत्येक ठिकाणी यंत्राने क्षार मोजले. क्रम तोच आला. तिने यंत्र बंद केलं, चिमूटभर माती स्वतःच्या जिभेवर ठेवली आणि सुमनताईंना विचारलं की नेमकं जिभेच्या कुठल्या भागाने ओळखायचं. दोघी बराच वेळ शेतात उभ्या राहून जीभ बाहेर काढून एकमेकींना दाखवत होत्या. माझं भाषांतर कुणालाच नको होतं.

रानाचा मालक पस्तिशीचा, काळजीने सुकलेला. त्याने विचारलं, मग आता करायचं काय? कर्स्टन म्हणाली की जुन्या बाटलीतली राहूची माती अशी नव्हती. म्हणजे हे जमिनीचं मूळ दुखणं नाही, मागून आलेलं आहे, आणि मागून आलेलं बरंचसं उतरवता येतं. पाणी कमी, निचऱ्याला चर, उसाऐवजी एखाद-दोन वर्षं ताग किंवा धैंचा पेरून हिरवाच जमिनीत गाडायचा. किती वर्षं लागतील हे बारा जागांची तुलना झाल्यावर सांगेन, आत्ता सांगितलं तर तो अंदाज होईल. त्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं. तो म्हणाला, मला वाटलं होतं आमची जमीनच हलक्या गुणाची.

केडगाव

उरलेली ठिकाणं पुढच्या तीन दिवसांत आटोपून केडगावला गाडी धरायला आलो. मिशनच्या जुन्या आवाराच्या कडेने स्टेशनकडे जाताना चिंचांची गार सावली लागली. पुण्याची गाडी उशिरा होती. फलाटावर सुमनताईंनी डबा उघडला, हुलग्याची शेंगोळी आणि ठेचा, आणि तो कर्स्टनपुढे सरकवला. कर्स्टनने पुन्हा एकदा सांगितलं की समितीचं मी आश्वासन देऊ शकत नाही. सुमनताई म्हणाल्या, जेवा आधी. गाडी हलली तेव्हा त्या फलाटावर उभ्या होत्या आणि हात हलवत नव्हत्या. नुसत्या बघत होत्या.

पुन्हा न्हावरे

परत आल्यावर पाच महिने गेले. मी रोज मेल उघडून पाहायचे आणि दर आठवड्याला सुमनताईंचा फोन यायचा. त्या समितीबद्दल काही विचारायच्या नाहीत, पाऊस-पाण्याचं बोलायच्या. मला फार वाईट वाटायचं. मग एके दिवशी पत्र आलं.

समितीने पुरावा मान्य केला होता. एवढंच नाही, त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं होतं. जागा निवडल्या गेनूंनी, माती ओळखली गेनूंनी, खणली त्यांनीच, तेव्हा बाराही बाटल्यांवर 'गोळा करणारा' या रकान्यात यापुढे फक्त गेनू भिवाजी हे नाव राहील आणि प्राध्यापकांचं नाव तिथून काढण्यात येईल. सोबत नव्या चिठ्ठीचा नमुना होता. मी तो रंगीत छापून घेतला आणि फोन न करता दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने न्हावऱ्याला गेले. अशी बातमी फोनवर द्यायची नसते.

सुमनताईंनी कागद हातात घेतला. इंग्रजी त्यांना वाचता येतं. बापाचं नाव त्यांनी बोटाने वाचलं, एकेक अक्षर, आणि बराच वेळ त्यांचं बोट तिथेच होतं. मी पत्राचा मजकूर मराठीत सांगितला. प्राध्यापकांच्या नावाचं सांगितलं तेव्हा त्यांनी बोट उचललं.

"काढलं म्हंजी?"

मी म्हटलं, त्यांच्या नावाखाली आबांचं काम इतकी वर्षं झाकलेलं होतं, म्हणून.

त्या उठून आत गेल्या. पाण्याचा तांब्या आणून माझ्यासमोर ठेवला, चष्मा काढून डोळे पुसले आणि कागद पुन्हा वाचला.

"लिवा त्यांना," त्या म्हणाल्या. "म्हनावं, आबाचं नाव घातलं, लई उपकार झालं. पर त्या सायबाचं काढू नगा. शेजारी ऱ्हाऊ द्या. त्यानं पुढच्या शीटवर बसवलं व्हतं आबाला. आन् नाव पुसलं की मागच्यांना कसं हुतं, ते आमाला म्हाईत हाय. दुसऱ्याला नगं."

मी त्यांच्या ओट्यावर बसूनच मेल लिहिला. दोन्ही नावं ठेवावीत, अशी गेनू भिवाजींच्या मुलीची इच्छा आहे. सुमनताई शेजारी बसून मी काय टाइप करते ते एकेक शब्द वाचत होत्या, आणि पाठवायचं बटण त्यांनी स्वतः दाबलं.